निवडलेल्या तांदळाची गोष्ट

१९९७ साली मला अंधेरीच्या सीप्झमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा आईने विचारलं, "तुला तिथे नेमकं करायचं काय असतं गं?" मी म्हटलं, "दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या." बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई ताट पुढ्यात घेऊन बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "म्हणजे तांदूळ निवडायचं काम. भात छान निवडलाय असं जेवताना कुणी म्हणत नाही. दाताखाली खडा आला की मात्र निवडणारी आठवते."

त्या निवडण्याच्या इतिहासातलं एक प्रकरण आज सांगायचं आहे. त्याचा काही भाग आपल्या उपनगरात घडला आणि ते संपलं तेव्हा बहुतेकांना वाटलं, की काही घडलंच नाही.

सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र. नाव सांताक्रूझचं, जागा मात्र अंधेरी पूर्वेला, मरोळची. १९७३ साली ते उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवण्यासाठी. पुढे इथून एक वेगळाच माल जाऊ लागला, ज्याला खोका लागत नाही की गोदी. टाटा बरोज, मास्टेक, पटणी ही नावं सीप्झ आणि लगतच्या एमआयडीसीत रुजली. अंधेरी स्टेशनबाहेर आगरकर चौकात सीप्झच्या बसची रांग वर्षागणिक लांबत गेली.

सीप्झच्या समोरच केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत यंत्र तापवतात, गारठवतात, हादरवतात आणि मग टिकलं की नाही ते सांगतात. प्रोग्रॅम कसा तापवणार? त्याला अडचणीतच टाकावं लागतं. रकमेच्या जागी शून्य द्यायचं, नावाच्या जागी आकडे टाकायचे, नसलेली तारीख द्यायची. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या पुस्तकात हाच आग्रह धरला होता. प्रोग्रॅम चालतो हे दाखवायला नव्हे, तर तो कुठे चुकतो हे शोधायला बसायचं. ऐकायला सोपं आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या मित्राने रात्र जागून लिहिलेल्या कामात असं बसणं अवघड जातं.

आमच्या पिढीला ही विद्या शिकवली ती दोन आकड्यांनी. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात माहिती पंचकार्डावर भरत. एका कार्डावर जेमतेम ८० रकाने. जागा महाग, म्हणून १९६५ ऐवजी नुसतं ६५ लिहायची पद्धत पडली. २००० साल उजाडेपर्यंत हे प्रोग्रॅम कशाला टिकतील, असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रोग्रॅम मात्र टिकले. बँकांचं व्याज, विम्याचे हप्ते, पेन्शन, सगळं त्यांच्यावर चालू लागलं. आणि ९९ नंतर ०० आलं, की संगणकाच्या लेखी ते १९०० असणार होतं. चुणूक आधीच दिसली होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९२ साली १०४ वर्षांच्या एका आजींना बालवाडीत दाखल होण्याचं निमंत्रण आलं. त्यांचं जन्मवर्ष ८८ नोंदलेलं होतं!

जगभरातली ही दुरुस्ती ३०० ते ६०० अब्ज डॉलरची ठरेल, असा गार्टनर या संस्थेचा अंदाज होता. त्यासाठी कोबोल ही जुनी भाषा जाणणारी माणसं हवी होती, ती आपल्याकडे होती. शिवाय अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस. तिकडचे मेनफ्रेम मोकळे, इकडे आम्ही ताजेतवाने.

काम असं चाले. आधी जुना प्रोग्रॅम चालवून त्याचे निकाल जपून ठेवायचे. दुरुस्तीनंतर तीच माहिती पुन्हा द्यायची आणि निकाल ओळीला ओळ लावून पडताळायचे. एक चूक काढताना दुसरी घुसली नाही ना, हे पाहायचं. यालाच रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. मग संगणकाचं घड्याळ पुढे न्यायचं. ९ सप्टेंबर १९९९, ३१ डिसेंबर १९९९, १ जानेवारी २०००, २९ फेब्रुवारी २०००. या शेवटच्या तारखेची गंमत होती. शतकाचं वर्ष लीप नसतं, १९०० नव्हतं. पण ४०० ने भाग गेला तर असतं. ज्याला हा नियम पूर्ण ठाऊक होता त्याचा प्रोग्रॅम बरोबर चाले, ज्याला मुळीच ठाऊक नव्हता त्याचाही चाले. अर्धा ठाऊक असणारा फसे!

त्याच सुमारास क्वालिटी ॲश्युरन्स, म्हणजे गुणवत्तेची हमी, हा शब्दही रुळला. खडे वेचणं हे टेस्टिंग. ते खळ्यावरच का मिसळतात हे पाहणं म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेल्या सीएमएम या पद्धतीच्या पाच पायऱ्या होत्या आणि भारतीय कंपन्या त्या चढण्यासाठी झटत होत्या. प्रत्येक गोष्टीचा तक्ता, प्रत्येक तक्त्यावर सही.

अशीच एक सही माझीही आहे. परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम होतं. तपासायच्या तारखांत मी ३१ डिसेंबर २००० धरली होती, कारण तो वर्षाचा ३६६ वा दिवस. माल पाठवायला दोन दिवस उरले होते. टीम लीडर म्हणाला, "अगं, १ जानेवारी पार पडली की पुढच्या डिसेंबरचं कोण बघतंय?" ती तारीख यादीतून गेली. मी वाद घातला, पण पाच मिनिटंच. मग सही केली.

१९९९ ची ती शेवटची संध्याकाळ आठवते. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले तेव्हा न्यूझीलंडमध्ये २००० साल लागलं. दिवे चालूच होते. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ, साडेदहा. तिथेही दिवे चालूच. आम्ही ऑफिसात वडापाव मागवले. सोमवारपासून मात्र लोकलमध्ये ऐकू येऊ लागलं, "सगळा बागुलबुवा होता. कंपन्यांनी पैसे काढले." शंका अगदीच गैर नव्हती. फारसा खर्च न केलेल्या देशांतही मोठा अनर्थ झाला नव्हता आणि काही ठिकाणी भीतीचा धंदा झालाही असेल. पण आम्ही चाचण्यांत पकडलेल्या चुका मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या तशाच गेल्या असत्या, तर हप्ते चुकले असते, पॉलिसी रद्द झाल्या असत्या.

राहिलेले खडे हळूहळू दाताखाली आले. ३१ डिसेंबर २००० ला नॉर्वेमधल्या काही नव्या गाड्या सुरूच होईनात. त्यांच्या संगणकाला ती तारीख कळेना. घड्याळ महिनाभर मागे नेलं, तेव्हा त्या हलल्या. त्याच रात्री आमच्या विमा कंपनीचं कामही अडकलं. नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. नुकसान मोठं नव्हतं, पण सही माझी होती.

त्यानंतर शेफिल्डची बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. इंग्लंडमधल्या त्या शहरात गर्भवतींच्या तपासणीचा संगणक २००० च्या जानेवारीपासून आईचं वय चुकीचं मोजत होता. मे महिन्यापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दीडशेहून अधिक स्त्रियांना बाळाच्या डाऊन सिंड्रोमच्या शक्यतेबद्दल चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. धोका कमी आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांतल्या काहींना डाऊन सिंड्रोम असलेली मुलं झाली. दिवे चालूच होते, गाड्या धावत होत्या आणि एक आकडा शांतपणे चुकत होता. 'काहीच झालं नाही' या वाक्यात या आया बसत नाहीत.

तेव्हापासून मी नव्या मुलामुलींना एकच सांगत आले. चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, एकही उरली नाही हे सिद्ध करता येत नाही. म्हणून काय तपासलं याबरोबरच काय तपासलं नाही, तेही तक्त्यावर लिहा. आणि पाच मिनिटांत वाद सोडू नका.

आता सीप्झला भुयारी मेट्रोने जाता येतं. आगरकर चौकातली ती रांग नव्या मुलांना ऐकूनच ठाऊक. तारखेचा खडा मात्र पुन्हा येणार आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. त्यांतल्या ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे मोजायला जागा नाही. ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला संपेल. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं होतील, वार मंगळवार. बोरिवलीहून सुटलेल्या गाड्या खच्चून भरलेल्या असतील.

ती सकाळ सुरळीत पार पडली, तर 'उगाच घाबरवलं' म्हणू नका. कुणीतरी आधी बसून निवडून ठेवलं असेल.