भिंतीची ओल कुणाची?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई रडवेल्या होऊन आल्या. भाड्याचा फ्लॅट सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले होते. कारण काय, तर भिंतीला बुरशी आली. "तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरातच वाळत घालता," असं वर ऐकवलं. भिंतीमागचा पाइप गळत होता, पावसाळाभर पोपडे पडत होते. ताईंनी तीनदा सांगितलं होतं, पण तोंडी.

ओल आली की दोष घरातल्या बाईचा, ही समजूत जुनी आहे. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तिथल्या चाळींत खोलीमागे खोली, मागच्या खोलीला ना उजेड ना वारा, खाली जमीन ओली. सरकारी माणसं घरात शिरून औषधं फवारत, भिंतींना चुना मारत, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलंसुद्धा काढत. काही घरांवर इंग्रजीत 'यू एच एच' अशी अक्षरं रंगवली, म्हणजे माणसानं राहण्यास अयोग्य. बोलणी मात्र राहणाऱ्यांच्या सवयींना बसली. अशी खोली बांधून तिचं भाडं घेणाऱ्याला कोण विचारणार? १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, पण पाडापाड आधी झाली, नवी घरं मागून आली. मधल्या काळात ती माणसं कुठे राहिली असतील, हे आम्हाला राहून राहून वाटतं.

मालकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलं गेलं ते १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाला बंधनकारक. पण त्याच कायद्यानं बहुतेक जुनी भाडी सप्टेंबर १९४०च्या आकड्यावर बांधली. मालक म्हणू लागले, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. भिंती मात्र पाणी पीत राहिल्या. शेवटी १९६९ मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, आणि त्यासाठी वेगळा कर बसला.

आता लागू आहे तो १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. त्याचं कलम १४ सांगतं की मालकाला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या. तरीही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूनं स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. आणि भाडेकरूची बाजू? ती १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून आहे. घर घेतलं तसं ठेवायचं, वापरानं होणारी साधी झीज सोडून. आपल्या हातून बिघडलं तर आपण भरायचं. वाफेचा कुकर, न उघडलेली खिडकी, भिंतीला चिकटवलेलं कपाट, यानंही बुरशी येते बरं का. सगळंच मालकावर ढकलता येत नाही.

एक मेख आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी बाई कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते. तिच्यासाठी करारात लिहिलेलं वाक्य महत्त्वाचं. करार लेखी आणि नोंदणीचा हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणीच नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकानं वेगळं सिद्ध करेपर्यंत.

आमच्या ताईंचा करार नोंदवलेला होता, पण त्यात दुरुस्तीबद्दल चकार शब्द नव्हता. सही करताना त्यांनी तो वाचलाही नव्हता. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच आपापला वाचलेला नव्हता. नव्या घरात शिरण्याआधी आम्ही चौघी त्यांच्याबरोबर गेलो, भिंतींचे फोटो तारखेसह काढले आणि गळतीची दुरुस्ती कोण करणार ही ओळ करारात घालायला सांगितली. नवे मालक "करून देईन ना" म्हणाले. लिहून द्यायला मात्र अजून तयार नाहीत. रविवारी पुन्हा जायचं ठरलंय.