एका जनुकाची गोष्ट : कार्यकारी स्मृती आणि स्किझोफ्रेनिया

दुकानदार तीन वस्तूंच्या किमती सांगतो आणि तुम्ही मनातल्या मनात बेरीज करता. ते आकडे काही क्षण धरून ठेवणारी आणि त्यांवर काम करणारी शक्ती म्हणजे कार्यकारी स्मृती. संगणकातील रॅमशी तिची ढोबळ तुलना करता येईल. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तिचे प्रारूप मांडले.

१९९२ मध्ये सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ही स्मृती कमी पडते असे दाखवले. पुढे रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांमध्येही सौम्य उणीव आढळली. मग प्रश्न आला: ही उणीव आनुवंशिक आहे का, आणि असल्यास कोणत्या जनुकामुळे?

संशयाची सुई २२व्या गुणसूत्रावरील 'सीओएमटी' या जनुकाकडे वळली. त्यापासून बनणारे विकर मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिनचे विघटन करते. या प्रथिनात १५८व्या जागी व्हॅलीन असेल तर विघटन जलद होते, मेथिओनीन असेल तर सावकाश. २००१ मध्ये अमेरिकेत मायकेल ईगन, डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की, व्हॅलीनवाले लोक पत्ते-वर्गीकरणाच्या चाचणीत किंचित मागे पडतात. हा परिणाम गुणांमधील एकूण फरकाच्या अवघा ४ टक्के होता. तरीही कार्यकारणाची साखळी इतकी सुबक होती की अनेकांना ती पटली.

पुढे काय झाले, ते नीट पाहा. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर २००८ पर्यंत हा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीतून स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ स्थाने सापडली. त्यांत सीओएमटी नव्हते. प्रत्येक स्थानाचा वाटा अगदी लहान होता.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नमुना लहान आणि परिणाम सूक्ष्म असेल, तर योगायोगही शोधासारखा दिसतो. यंत्रणा पटण्याजोगी असणे हा पुरावा नव्हे. दुसरी, 'या घराण्यात वेडाचे जनुक आहे' असे म्हणून कोणी लग्न मोडत असेल किंवा एखाद्या आईला दोष देत असेल, तर त्याला विज्ञानाचा आधार नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे खरे. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे, आणि त्यांतील अनेक जनुकरूपे तुमच्या-माझ्यातही आहेत.