रिंगणातील हत्ती आणि त्याचे वार्धक्य

सर्कशीच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्यात हत्ती पकडणे, शिकविणे आणि खेळविणे यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु खेळ करता येईनासा झाल्यावर त्या हत्तीचे पुढे काय झाले, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो. हत्ती हा दीर्घायुषी प्राणी होय. त्याच्या आयुष्यात दाढांचे सहा संच एकामागून एक येतात व साठीच्या सुमारास शेवटचा संच झिजू लागला, की त्याला चारा चावणे कठीण होते. रिंगणातील उमेदीची वर्षे संपल्यावरही त्याला एकदोन तपे जगावयाचे असते. या उरलेल्या आयुष्याची तजवीज कोणी करावयाची, याचा विचार सर्कशीच्या धंद्याने फार उशिरा केला. असे का घडले, हे समजून घेण्यास अमेरिकेतील सर्कशीचा वृत्तान्त विशेष उपयोगी पडतो. कारण तेथे हत्ती गेला, पण ज्या व्यवस्थेत तो वाढला व राबला होता, ती व्यवस्था त्याच्याबरोबर गेली नाही.

ती व्यवस्था मुळात कशी होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात हत्तींचे दम्य, सान्नाह्य, औपवाह्य आणि व्याल असे चार वर्ग सांगितले आहेत. युद्धोपयोगी हत्तीच्या शिक्षणात उपस्थानाचा, म्हणजे उठणे, वाकणे, अडथळा ओलांडणे इत्यादी हालचालींचा समावेश होतो. औपवाह्य म्हणजे वाहनाच्या हत्तींचे भेद सांगताना काठीने चालणारा, तोत्राने चालणारा आणि यांपैकी कशाचीही गरज नसलेला ‘शुद्धोपवाह्य’ अशी नावे येतात. साधनावाचून चालणारा हत्ती हा त्या काळी स्वतंत्र वर्ग मानला जात होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. केवळ करमणुकीचे खेळही या देशाला अपरिचित नव्हते. भारताविषयी लिहिणाऱ्या आरियन या ग्रीक ग्रंथकाराने झांजा वाजविणाऱ्या हत्तीचे व त्या तालावर नाचणाऱ्या इतर हत्तींचे वर्णन केले आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासातही गजक्रीडेला स्थान आहे. तथापि हे खेळ राजाच्या गजशाळेच्या आश्रयाने होत. हत्तीचे पोट खेळाच्या उत्पन्नावर अवलंबून नसे.

अमेरिकेच्या भूमीवर पहिला जिवंत हत्ती १७९६ साली उतरला. जेकब क्राउनिनशील्ड नावाच्या कप्तानाने तो भारतात सुमारे ४५० डॉलरला विकत घेऊन न्यूयॉर्कला नेला. आरंभी हत्तीने काही करून दाखविण्याची गरजच नव्हती; तो नुसता पाहण्यासाठी लोक पैसे देत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक सर्कशींजवळ हत्तींचे कळप झाले, तेव्हा केवळ दर्शनावर भागेना. बार्नम आणि फोरपॉ या दोन सर्कसमालकांमधील चुरस तर हास्यास्पद थराला गेली. १८८४ साली बार्नमने ब्रह्मदेशातून पांढरा हत्ती आणविला, तेव्हा फोरपॉने साध्या हत्तीला रंग फासून तोही पांढरा म्हणून मिरविला. या चढाओढीत हत्तीचे मोल त्याच्या ‘नव्या’ खेळावरून ठरू लागले.

रिंगणातील खेळांचे बारकाईने निरीक्षण केल्यास त्यांत दोन थर दिसतात. बसणे, पाय वर उचलून माणसाला चढण्यास पायरी देणे, सोंडेने वस्तू उचलून हाती देणे, पुढच्या हत्तीची शेपटी धरून रांगेने चालणे, हे पहिल्या थरातील खेळ. यांपैकी बहुतेक हालचाली माहुताच्या नित्याच्या कामातील असून सर्कशीने त्यांना केवळ वाद्यांची साथ दिली. दुसऱ्या थरातील खेळ मात्र रिंगणातच जन्मले: मस्तकावर उभे राहणे, मागील दोन पायांवर ताठ होणे, लहानशा गोल चौरंगावर चारही पाय सामावून फिरणे, आणि प्रत्येक हत्तीने पुढच्याच्या पाठीवर पाय टाकून केलेली लांब रांग. चार-चार टन वजनाच्या देहाला हे आसन शिकविण्यासाठी दोर, कप्पी आणि अंकुश यांचा आधार घेतला जाई. त्यातच रेल्वेच्या डब्यात उभ्याने केलेला प्रवास, कठीण जमीन आणि पायातील साखळदंड यांची भर पडे. पाळीव हत्तींच्या उतारवयात पायांचे विकार व संधिवात यांचे प्रमाण किती मोठे आहे, हे आता पशुवैद्यकात सुविदित आहे. ज्या खेळांनी हत्तीची किंमत वाढविली, त्यांनीच त्याच्या सांध्यांवर सर्वाधिक भार टाकला, असे म्हणण्यास जागा आहे.

अमेरिकन सर्कशीच्या बोलीत प्रत्येक हत्तीला ‘बुल’ म्हणजे बैल म्हणत, जरी त्यांत बहुसंख्य हत्तिणी असत. मदाच्या काळात नराला आवरणे दुर्घट असल्याने मालक हत्तिणीच पसंत करीत. शब्दाचा हा विपर्यास गमतीचा खरा; पण अंकुशालाही तेथे ‘बुलहुक’ हे नाव मिळाले आणि त्या नावाबरोबर माहुताशी असलेला त्याचा संबंधही पुसला गेला. एका हत्तीमागे आयुष्यभराचा एक माणूस ही पद्धत तेथे रुजली नाही. हंगामागणिक माणसे बदलत आणि नव्या माणसाला हत्ती जुमानीनासा झाला, की तो ‘द्वाड’ ठरे.

द्वाड ठरलेल्या हत्तीची वाट ठरलेली होती. फोरपॉच्या सर्कशीने अमेरिकेत जन्मलेली म्हणून खोटीच जाहिरात केलेली टॉप्सी ही हत्तीण १९०३ सालच्या ४ जानेवारीस कोनी आयलंड येथे विष, विद्युत्प्रवाह आणि फास यांनी मारण्यात आली. तिचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते. मेरी नावाच्या हत्तिणीला १९१६ साली टेनेसी राज्यातील अर्विन गावी रेल्वेच्या यारीला टांगून फाशी दिले गेले. या घटनांचे वर्णन क्रौर्याची उदाहरणे म्हणून नेहमी केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक अर्थ संभवतो. निरुपयोगी हत्तीला सन्मानाने बाजूला काढण्याची जागाच त्या धंद्यात नव्हती. विकणे, प्राणिसंग्रहालयाच्या माथी मारणे किंवा ठार करणे, एवढेच मार्ग मोकळे होते.

याच काळात ब्रह्मदेशाच्या सागवानी जंगलात निराळी पद्धत चालू होती. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचे हत्ती ओंडके ओढीत. उन्हाळ्यात त्यांना विश्रांती असे आणि रात्री चरण्यासाठी त्यांना रानात सोडीत. पुढे सरकारी लाकूड-व्यवसायातही प्रत्येक हत्तीची नोंदवही ठेवली जाई व साधारण पन्नास-पंचावन्नाव्या वर्षी त्याला कामातून मुक्त करीत. तमिळनाडूच्या वनखात्यातही हत्तीच्या सेवानिवृत्तीचे वय ठरलेले आहे. ही जंगले म्हणजे हत्तींचे नंदनवन होते असे मुळीच नव्हे. तेथेही हत्ती पकडून, मोडून शिकविलेले असत. पण जंगल जवळ असल्याने म्हाताऱ्या हत्तीला पोसण्याचा खर्च अल्प होता. सर्कशीच्या हत्तीचा दाणावैरण मात्र तिकिटांच्या विक्रीतूनच निघत असे. भेद मालकाच्या दयेपेक्षा या हिशेबात अधिक होता.

अमेरिकेत निवृत्तीची स्वतंत्र संस्था उभी राहण्यास १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टेनेसीतील होहेनवाल्ड येथे हत्तींसाठी आश्रयस्थान स्थापन झाले. त्याच वर्षी रिंगलिंग सर्कशीनेही फ्लोरिडात आपले हत्ती-केंद्र काढले. मात्र त्याचा रोख प्रजननावरही होता. होहेनवाल्डला १९९९ साली आलेली शर्ली ही सुमात्रातून १९५३ साली पकडलेली हत्तीण. सर्कशीत असताना दुसऱ्या हत्तीच्या हल्ल्यात तिचा मागचा पाय मोडला आणि तो वाकडाच जुळला. नंतर ती लुइझियानातील एका प्राणिसंग्रहालयात वीसहून अधिक वर्षे एकटी राहिली. आश्रयस्थानातील जेनी ही हत्तीण सर्कशीत पिल्लू असताना शर्लीच्या सहवासात होती. दोघींनी एकमेकींना ओळखले व मधल्या गजांतून एकमेकींकडे जाण्याची धडपड केली, हे चित्रफितीत नोंदलेले आहे. जेनी २००६ मध्ये वारली. शर्ली २०२१ पर्यंत, वयाच्या सत्तरीपलीकडे जगली.

कायद्याने या प्रश्नात उशिरा आणि आडवळणाने प्रवेश केला. रिंगलिंगविरुद्ध २००० साली दाखल झालेला खटला हत्तींच्या हालअपेष्टांचा निर्णय न होता, दावा लावण्याच्या अधिकाराच्या मुद्द्यावर २००९ साली फेटाळला गेला. परिणाम घडविला तो नगरपालिकांच्या साध्या नियमांनी: २०१३ साली लॉस एंजेलिसने आणि २०१४ साली ओकलंडने बुलहुकवर बंदी घालण्याचे ठरविले. अंकुशावाचून खेळ करता येत नाही, अशीच धंद्याची भूमिका होती. कौटिल्याचा ‘शुद्धोपवाह्य’ त्यांच्याजवळ नव्हता. मार्च २०१५ मध्ये कंपनीने हत्ती निवृत्त करण्याची घोषणा केली आणि १ मे २०१६ रोजी प्रॉव्हिडन्स येथे त्यांचा शेवटचा खेळ झाला. पुढल्याच वर्षी सर्कसही बंद पडली.

भारतातील क्रम याहून वेगळा पडला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभारली, तेव्हा ते स्वतः अश्वविद्येतील तज्ज्ञ होते. हत्तीचे ज्ञान या देशात गावोगाव उपलब्ध असल्याने पुढील सर्कशींना माहूत परदेशातून आणावे लागले नाहीत. परंतु १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले व २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली, तेव्हा त्या यादीत हत्तीचे नाव नव्हते. ज्याच्याविषयी या देशाने सर्वाधिक ग्रंथ लिहिले, तोच प्राणी रिंगणात मागे राहिला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली प्राणिसंग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलविण्याचा आदेश दिला.

डेन्मार्कने त्याच प्रश्नाची किंमत रोख मोजली. २०१९ साली तेथील सरकारने देशातील सर्कशींजवळ उरलेले चार हत्ती एक कोटी दहा लाख क्रोनर देऊन विकत घेतले. रिंगलिंगच्या कळपातील हत्तिणी २०२१ पासून फ्लोरिडातील व्हाइट ओक येथील अरण्यसदृश आवारात राहू लागल्या. तेथे त्यांच्याकडून कोणताही खेळ करून घेतला जात नाही.