थरथर कुणाची?

दिवाळीत पुण्याहून घरी सोलापूरला गेलो, तेव्हा बाबांनी नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच चालव." मला नवल वाटलं. निवृत्तीचे पैसे आले तशी त्यांनी हौसेने ही एसयूव्ही घेतली होती. गाडीला जेमतेम तीन महिने झाले होते. पहिल्या महिन्यात ते मला रोज फोन करून आज कुठे जाऊन आलो ते सांगायचे. मग ते फोन थांबले.

मोहोळच्या दिशेने निघालो. सावळेश्वरचा टोलनाका मागे पडला, रस्ता मोकळा मिळाला. काटा 95 वर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. फार नाही, पण तळव्यांना मुंग्या येतील इतपत. 100 ला सगळ्यात जास्त, 115 च्या पुढे पुन्हा कमी.

"बाबा, हे स्टिअरिंग हलतंय."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला पण जाणवतंय?"

खरी गोष्ट रात्री आईने सांगितली. पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनी तक्रार केली होती. तिथल्या मुलाने गावातल्या ट्रॅफिकमध्ये पन्नास-साठच्या वेगाने चक्कर मारली आणि "काका, गाडी एकदम ओके आहे" म्हणून परत दिली. बाबांनी ते खरं मानलं. गाडी ठीक आहे, म्हणजे आपले हात थरथरतात. आजोबांना शेवटची सहा वर्षं पार्किन्सन होता. चहाची बशी हातात धरली की तिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. बाबांनी कुणाला काही न सांगता गाडी चालवणं सोडून दिलं होतं.

त्यानंतरचा महिनाभर मी चाकांबद्दल वाचत होतो. कामावर बग शोधायची सवय असल्यामुळे असेल, पण मला नुसता इलाज नको होता, कारण हवं होतं. शोधता शोधता कळलं की माणसं या थरथरीच्या मागे दीडशे वर्षं लागलेली आहेत. आणि वेग वाढेपर्यंत हा दोष दिसतच नाही.

आपल्याकडे टायर हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून 'धाव' होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून चढवतात ती लोखंडी पट्टी. लोखंड थंड होताना आकसतं आणि आरे, तुंबा, पुठ्ठे सगळं आवळून धरतं. त्या चाकाची एक बाजू पावशेराने जड असली तरी बैलांना कळायचं नाही, गाडीवानालाही नाही. कारण बैल ताशी चार किलोमीटरने चालतो. असमतोल चाकाचा झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर झटका चौपट. वेग पंचवीसपट झाला की झटका सव्वासहाशे पट.

सोलापुरात या गणिताची गाठ मोटारीच्या आधी गिरणीत पडली. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, 1877 साली सुरू झाली. त्याच वर्षी 1 जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. त्या काळी सूत कातणाऱ्या चात्या मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे नेणं अवघड होतं. चातीवरच्या बॉबिनवर सूत कधीच अगदी सारखं बसत नाही. एक बाजू किंचित जड होते, चाती थरथरते आणि धागा तुटतो.

1870च्या दशकात अमेरिकेत फ्रान्सिस रॅबेथ याच्या चातीने यावर तोड काढली. चाती घट्ट जखडून ठेवण्याऐवजी तिला खालच्या बेअरिंगमध्ये तेलात थोडी मोकळीक दिली. मग जड बाजू असली तरी चाती आपला मध्य आपणच शोधून फिरू लागली. वेग दहा हजार फेऱ्यांच्या आसपास गेला. रिंग पद्धतीचे साचे एम्प्रेस मिलने 1880च्या दशकातच घेतले. इंग्लंडमधलं लँकेशायर तेव्हा, आणि पुढेही बरीच वर्षं, जुन्या म्यूल साच्यांनाच धरून होतं.

माझे आजोबा सोलापूरच्याच एका गिरणीत, रिंग खात्यात होते. ते सांगायचे की धागा तुटला की पहिली शिवी कामगाराला. हात नीट चालत नाही, लक्ष नाही, रात्री झोपला नाहीस. आजोबा मात्र आधी साच्यावर तळवा ठेवायचे. शेकडो चात्यांच्या गोंगाटात एक थरथरणारी चाती त्यांना तळव्याने कळायची. लहानपणी मला ही बढाई वाटायची.

कागदावर हे गणित मांडणारेही चुकत होते. 1869 साली स्कॉटलंडचा रँकिन याने लिहिलं की फिरणाऱ्या दांड्याला वेगाची एक हद्द असते आणि तिच्यापलीकडे तो स्थिर फिरूच शकत नाही. वीस वर्षांनी स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हालने आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचिक दांडा बसवला आणि तो मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत नेला. त्या हद्दीजवळ दांडा जोरात थरथरतो. ती ओलांडली की शांत होतो. आमची गाडी 100 ला हलून 115 नंतर शांत का होते, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. चाक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग मिळून स्वतःची एक लय असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीला जुळल्या की लहान झटकाही मोठा होऊन हातात येतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसंच.

असमतोल मोजायचं यंत्र तोपर्यंत आलं होतं. कॅनडात हेन्री मार्टिन्सन याने 1870 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. पण कारखान्यात खरं चालेल असं यंत्र जर्मनीत फ्रांझ लावाचेक याने 1907 मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी डार्मस्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्याचे हक्क घेतले. आज टायरच्या दुकानात चाक गरागरा फिरवून '25' किंवा '00' दाखवणारं मशीन त्याच घराण्यातलं.

मोटारींनाही ही ठेच लागली होती. 1923 मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने कमी हवेचे गुबगुबीत 'बलून' टायर आणले. बसायला मऊ, पण पुढची चाकं अचानक डावी-उजवीकडे फडफडू लागली. चालकाच्या हातातून स्टिअरिंग सुटायची वेळ यायची. इंजिनिअरांना त्यासाठी गाडीचा पुढचा आखच बदलावा लागला. 1930च्या दशकात दोन्ही पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, त्यामागचं एक मोठं कारण ही फडफड होती.

आपल्याकडे मोटारी बनवायचं स्वप्न पाहिलं ते सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्याच कंपनीची फियाट पुढे पद्मिनी झाली. त्या गाड्यांच्या चाकांत असमतोल नव्हता असं नाही. पण दुपदरी रस्त्यावर, समोरून उसाची टायरगाडी येत असताना, 100 ला कोण पोचणार? पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला आणि आमच्यासारख्या साध्या घरातली गाडीही तासन्‌तास 100 वर राहू लागली. आधीच्या रस्त्यांनी झाकून ठेवलेला दोष नव्या रस्त्याने उघडा पाडला.

आता आमच्या गाडीकडे. टायर 235/60 आर 18. त्याचा व्यास साधारण 74 सेंटिमीटर, परीघ 2.32 मीटर. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. भागाकार केला की सेकंदाला 12 फेऱ्या. रिमच्या कडेला फक्त 30 ग्रॅम जास्त असले, तर या वेगाला ते चार किलोच्या जोराने ओढतात, तेही सेकंदाला बारा वेळा. 50 च्या वेगाला तोच जोर एक किलो. गावात चक्कर मारून काही कळणार नव्हतंच.

पुढच्या सुट्टीत मी फोन डॅशबोर्डवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवला. प्रत्येक फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो आणि त्याची नोंद काढणारी अ‍ॅप फुकट मिळतात. 100 ला आलेखात सुळका आला 12 वर. 80 ला साडेनऊच्या जरा पुढे. वेग तोच ठेवून गिअर बदलला, इंजिनच्या फेऱ्या बदलल्या, सुळका जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन सुटलं. ब्रेक न लावताही थरथर होतीच, म्हणजे ब्रेक डिस्क सुटली. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, आणि अलाइनमेंट बिघडली तर गाडी ओढते, टायर झिजतात. अशी थरथर तिची नसते. चाकाच्या फेरीशी बांधलेली थरथर चाकाचीच.

बाबांना आलेख दाखवला. पार्किन्सनमध्ये हात स्थिर असताना जी थरथर येते, ती सेकंदाला साधारण चार ते सहा असते आणि गाडीचा वेग वाढला म्हणून ती वाढत नाही. ही बारा आहे आणि काट्याबरोबर चढते-उतरते. बाबांनी दोनदा विचारलं, "बारा म्हणजे नक्की?" मनातली शंका राहू नये म्हणून डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांना काही आढळलं नाही.

पण सर्व्हिस सेंटरमध्ये चारही चाकं मशीनवर चढवली तर मशीनने '00' दाखवलं. "बघा सर, झिरो आहे." बाबांचा चेहरा पुन्हा उतरला.

मग एका चाचांच्या टायरच्या दुकानात गेलो. त्यांनी आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून आम्हाला महामार्गावर पाठवलं. थरथर स्टिअरिंगमधून गेली आणि सीटखाली आली. म्हणजे दोषी चाक आता मागे होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजात कोडिंग करताना शिकवलं होतं. चाचा कॉलेजात गेले नव्हते.

त्यांनी मागची चाकं एकेक करून जॅकवर उचलली. खडूचा तुकडा टायरजवळ स्थिर धरला आणि चाक हाताने हळू फिरवलं. डाव्या चाकावर पांढरी रेघ सगळीकडे उमटली. उजव्या चाकावर एवढ्याशा भागातच उमटली, बाकी टायर कोरा.

"मशीन वजन बघतंय," चाचा म्हणाले. "गोलाई नाही बघत. वजन बरोबर आहे, टायर गोल नाही."

हे मी वाचलं होतं, पण मनात भरलं नव्हतं. रेडिअल टायरचं पेटंट मिशेलिनने 1946 मध्ये घेतलं. त्याच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात, ते जिथे एकमेकांवर चढतात तिथे टायर किंचित जाड किंवा कडक राहू शकतो. समतोल साधणारं वजन हा उंचवटा घालवू शकत नाही. म्हणून टायरचा उंच भाग रिमच्या सखल भागाशी जुळवतात. चाचांनी उजव्या टायरची हवा सोडली, तो रिमवर अर्धा फिरवला, हबवरची माती घासून काढली, पुन्हा हवा भरली आणि मग मशीनवर समतोल केला. पुन्हा खडू धरला. रेघ आता जवळजवळ पूर्ण गोल आली. दीड तास लागला.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते बरोबर देत होतं. सर्व्हिस सेंटरमधला मुलगाही खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त साठच्या पुढे जाऊन पाहिलं नव्हतं. पण दोघांमध्ये मिळून एक माणूस स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसला होता. गिरणीत धागा तुटल्यावर शिवी कामगाराला पडायची, तेच. फरक इतकाच की बाबांना कुणी शिवी दिली नाही, त्यांनी ती स्वतःच स्वतःला दिली.

दुकानातून निघताना मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. सावळेश्वरनंतर काटा 95 वर गेला, मग 100. मी फोनकडे पाहत होतो. 12 वर बारीकसा उंचवटा होता, पूर्ण सपाट नव्हता.

बाबांनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही तळवे स्टिअरिंगवर सैल ठेवले होते, बोटं उघडी. आजोबा साच्यावर ठेवायचे तसे.

"नाही," ते म्हणाले, आणि टेंभुर्णीपर्यंत गाडी थांबवली नाही.