सीटबेल्टचा कायदा आणि पोलिसांचे अधिकार : अमेरिकेतील वादातून काय घ्यावे?

सीटबेल्टमुळे जीव वाचतो, याबद्दल वाद नाही. मोटारीच्या पुढच्या सीटवरील व्यक्तीचा अपघाती मृत्यूचा धोका बेल्टमुळे सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असे अमेरिकेची सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणा सांगते. वाद आहे तो पोलिसांना किती अधिकार द्यावा, याचा.

दोन प्रकारचे कायदे

अमेरिकेत हा कायदा राज्ये करतात. न्यूयॉर्कने १९८४ मध्ये सुरुवात केली. ‘सेकंडरी’ पद्धतीत दुसऱ्या कारणासाठी गाडी थांबवली असेल तरच बेल्टचा दंड होतो. ‘प्रायमरी’ पद्धतीत केवळ बेल्ट लावला नाही म्हणून गाडी अडवता येते. प्रायमरी कायद्याने बेल्टचा वापर वाढतो. पण कोणाला अडवायचे हे पोलिसाच्या मर्जीवर राहते आणि त्याची झळ कृष्णवर्णीयांना बसते, असा नागरी हक्क संघटनांचा आक्षेप आहे.

न्यायालयाची भूमिका

वाहतुकीचा नियम मोडलेला असेल, तर गाडी थांबवण्यामागे पोलिसाचा खरा हेतू काय होता हे पाहिले जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले. २००१ मध्ये, टेक्सासमधील ॲटवॉटर खटल्यात, फक्त दंडाची शिक्षा असलेल्या बेल्टच्या गुन्ह्यासाठीही अटक वैध मानली गेली. निकाल ५ विरुद्ध ४ असा होता. किरकोळ गुन्हा हे छळाचे निमित्त ठरू शकते, असा इशारा न्यायमूर्ती ओकॉनर यांनी विरोधी मतात दिला.

फ्लोरिडाचा अनुभव

फ्लोरिडात २००९ पासून प्रायमरी कायदा आहे. मात्र बेल्टचा दंड झालेल्यांचा वंश नोंदवणे तिथे पोलिसांना बंधनकारक आहे. या नोंदींवरून ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ने २०१६ मध्ये दाखवले की, २०१४ साली कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात दंड झाला होता. नोंद होती, म्हणूनच भेदभावाचा प्रश्न पुराव्यासह मांडता आला.

आपल्यासाठी

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. चलनावर गाडीचा नंबर असतो. अडवलेला माणूस कोणत्या समाजाचा, याची नोंद नसते. त्यामुळे वस्त्यांजवळच्या नाक्यांवर जास्त तपासणी होते का, या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. नाकानिहाय आणि वेळेनुसार चलनांची संख्या माहिती अधिकारात मागणे, ही कार्यकर्त्यांना करता येण्यासारखी पहिली पायरी आहे. बेल्ट प्रत्येकाने लावावाच. हिशेब मागायचा आहे तो अडवणाऱ्याच्या अधिकाराचा.