साखळीरेषा (सायकल)

साखळीरेषा किंवा चेनलाइन म्हणजे सायकलच्या सांगाड्याच्या मध्यप्रतलापासून दातेरी चक्राच्या दातांच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. पायडलजवळील मोठे चक्र (चेनव्हील) आणि मागील चाकावरील लहान चक्र (फ्रीव्हील किंवा स्थिर चक्र) यांची अंतरे समान असली, की साखळी सरळ धावते. एकगती, म्हणजे बिनगिअरच्या, सायकलच्या जुळणीत ही समानता सर्वांत महत्त्वाची असते.

महत्त्व

गिअरच्या सायकलमध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जात असल्याने ती बहुतेक वेळ थोडी तिरपीच चालते. डिरेल्युर तिला मार्गदर्शन करतो आणि ताणही देतो. एकगती सायकलमध्ये हा आधार नसतो. रेषा चुकल्यास खरखर ऐकू येते, दाते एका बाजूने झिजतात आणि साखळी उतरू शकते. स्थिर चक्राच्या सायकलमध्ये पायडल चाकाबरोबर सतत फिरत असल्याने उतरलेली साखळी अडकून मागील चाक जाम होण्याचा धोका असतो. शिवाय पायांनी वेग रोखण्याची सोय त्याच क्षणी नाहीशी होते.

मोजमाप

* पुढील रेषा : सीटखालील नळीच्या पृष्ठभागापासून चेनव्हीलच्या दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्यात नळीचा अर्धा व्यास मिळवतात. नळीचा व्यास २८.६ मिमी आणि अंतर २९.२ मिमी असल्यास रेषा ४३.५ मिमी येते.
* मागील रेषा : हबच्या दोन बाहेरील नटांमधील रुंदीच्या निम्म्यातून उजव्या नटाच्या बाह्य पृष्ठापासून दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर वजा करतात. १३० मिमी रुंदीच्या हबमध्ये हे अंतर २३ मिमी असल्यास रेषा ४२ मिमी येते.

वरील उदाहरणात १.५ मिमीचा फरक उरतो. सुमारे १ मिमीपर्यंतचा फरक सहसा त्रासदायक ठरत नाही. स्थिर चक्रासाठी तो शक्य तितका शून्याजवळ ठेवतात. मोजण्यापूर्वी मागील चाक सांगाड्यात सरळ बसले आहे आणि चेनव्हील वाकलेले नाही, याची खात्री करणे आवश्यक असते.

प्रचलित मूल्ये

ट्रॅक सायकलींसाठी ४२ मिमी हे रूढ मूल्य आहे. दोन चेनव्हीलच्या रोड सायकलमध्ये ४३.५ मिमी हे मूल्य दोन्ही चक्रांच्या मधोमध धरतात. त्यांच्यात साधारण ५ मिमी अंतर असल्याने आतील चक्र सुमारे ४१ आणि बाहेरील सुमारे ४६ मिमीवर येते. म्हणून अशी सायकल एकगती करताना चेनव्हील बहुधा आतील जागी बसवतात.

दुरुस्तीच्या पद्धती

* बी.बी. अक्ष बदलणे : दोन्ही बाजूंनी सममित असलेला अक्ष ३ मिमीने आखूड घेतल्यास चेनव्हील १.५ मिमी आत येते.
* कॅसेट हबवर चक्राच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांची मांडणी बदलून चक्र आत-बाहेर सरकवणे.
* आट्याच्या हबवर फ्रीव्हीलमागे पातळ वॉशर घालून ते बाहेर आणणे. मात्र पुरेसे आटे पकडीत राहिले पाहिजेत.
* हबच्या अक्षावरील वॉशर एका बाजूकडून दुसरीकडे नेणे. यानंतर आऱ्यांचा ताण बदलून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते.

गिअर बदलण्यासाठी घडवलेल्या चेनव्हीलचे काही दाते आखूड असतात व ते साखळी सहज सोडतात. म्हणून एकगती जुळणीत समान उंचीचे दाते असलेले चक्र श्रेयस्कर ठरते.

भारतातील संदर्भ

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेली काळी रोडस्टर सायकल ही मुळातच एकगती आहे. मुंबईत हिंद, सोनिपतमध्ये अ‍ॅटलस आणि लुधियानात हीरो या उत्पादकांनी ती घरोघरी पोहोचवली. तिची साखळीरेषा कारखान्यातच जुळवलेली असल्याने वापरणाऱ्याला तिचा विचार करावा लागत नसे. निराळ्या लांबीचा बी.बी. अक्ष किंवा दुसऱ्या बनावटीचे चेनव्हील बसवल्यावर मात्र साखळी वारंवार उतरू लागते. अशा वेळी साखळी आवळल्याने किंवा नवी घातल्याने मूळ दोष जात नाही.

नागपूरमध्ये अनेक दशके चाललेल्या सायकलरिक्षांतही हेच तत्त्व लागू पडते. तेथे पायडलजवळील चक्र आणि मागील आडव्या अक्षावरील चक्र एका रेषेत असावे लागते. प्रताप नगर, खामला यांसारख्या, फारसे चढउतार नसलेल्या शहरी वस्त्यांत एक गती रोजच्या वापराला पुरेशी ठरते. त्यामुळे जुनी गिअरची सायकल एकगती करणे तेथे व्यवहार्य असते. मात्र सुटे भाग घेण्यापूर्वी दोन्ही रेषा मोजणे हिताचे असते.