उरलेले अंक

लालबागला आमचे दादा, म्हणजे वडील, पेपर टाकायचे. नऊ वर्षांचा असल्यापासून मी पहाटे फुटपाथवर बसून त्यांना अंक मोजून द्यायचो, म्हणून 15 नोव्हेंबर 1956 ही तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ निघाला. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य गळ्यात मारून जेमतेम पंधरवडा झाला होता. आदल्या वर्षी, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता. जानेवारीत मुंबई केंद्राकडे ठेवायची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. अत्र्यांचं ‘नवयुग’ होतं, पण ते साप्ताहिक. रोज पेटणाऱ्या शहराला आठवडाभर कुठला दम निघणार?

‘मराठा’ बातमीसाठी कोणी घेत नसे. बातमी आदल्या रात्रीच चाळीत पोचलेली असायची. हवे असायचे अत्र्यांचे फटके. आज मोरारजींना काय हाणलंय? रात्रपाळी सुटली की नळापाशी एकजण अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि अक्षरओळख नसलेलेही त्यातली टोपणनावं दिवसभर बिनचूक म्हणायचे. अंक एक, ऐकणारे वीस. ‘ऐकताय फुकट,’ म्हणून दादा कुरकुरायचे आणि स्वतःही तिथेच रेंगाळायचे.

1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली, समितीतले कम्युनिस्ट नेते डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. 30 नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तिथेही समितीची निदर्शनं झाली. अशा दिवशी दादा जादा गठ्ठा उचलत आणि ऊन चढायच्या आत हात रिकामे.

मग 1 मे 1960. मुंबईसकट राज्य मिळालं, दादांनी पेढे वाटले. आणि तिथूनच गिऱ्हाईक गळायला लागलं. समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले. 1962 ला काँग्रेसला 264 पैकी 215 जागा मिळाल्या आणि त्याच जूनमध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. आमच्या लाइनीतल्या एका मास्तरांनी पेपर बदलला. दादांनी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘आता भांडायचं कोणाशी? पोराला नोकरीच्या जाहिराती बघायच्यात.’

अत्र्यांची लेखणी बोथट झाली म्हणून लोक गेले, हे मला मुळीच पटत नाही. मुंबईसाठी ज्या नेहरूंवर ते तुटून पडले, तेच नेहरू 1964 च्या मे महिन्यात गेले, तेव्हा त्यांनी ‘मराठा’त लिहिलेली लेखमाला ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपाने आली. लेखणी तीच होती. तिला रोज लागणारं सरपण संपलं होतं.

13 जून 1969 ला अत्रे गेले. ‘मराठा’ त्यांच्यामागे काही वर्षं चालला. दादा दर महिन्याला अंक कमी करत आले, तरी चार-दोन उरायचेच. त्या काळात आमच्या घरी रोज ‘मराठा’ असायचा, तो न खपलेल्यांतला.